चिठ्ठीतली गोळी आणि डबीतली गोळी

औषधाच्या दुकानात काउंटरच्या आतल्या बाजूला काही वर्षे काढली, की एक गोष्ट हमखास लक्षात येते. "आणखी कोणती औषधे चालू आहेत?" असे विचारले, तर माणसे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची दोन-तीन नावे सांगतात आणि थांबतात. जेवणानंतरची कॅल्शियमची गोळी, केसांसाठी मागवलेले बायोटिन, मुलाने परदेशातून पाठवलेली माशाच्या तेलाची डबी, सकाळी उपाशीपोटी घेतलेला गुळवेलीचा रस, रात्रीचा इसबगोल, यांपैकी कशाचाही उच्चार होत नाही. यात लपवाछपवी नसते. त्यांना ही औषधे वाटतच नाहीत. औषध म्हणजे आजारासाठी डॉक्टरांनी दिलेले, आणि हे बाकीचे, ज्यांना पूरके म्हणतात ते, म्हणजे ताकदीचे, अशी सरळ विभागणी मनात असते. ती विभागणी दुकानाच्या फळीवर आणि कायद्याच्या पुस्तकात खरी आहे. मात्र गिळल्यानंतर ही सगळी मंडळी एकाच वाटेने जातात, आणि त्या वाटेवर त्यांची गाठ नेमकी कुठे पडते, हे समजले की या विषयातला बराचसा गोंधळ दूर होतो.

सुरुवात पोटापासून करू, कारण सर्वांत जास्त घडणारा आणि सर्वांत सहज टाळता येणारा प्रकार तिथलाच आहे.

आमच्याकडे नेहमी येणाऱ्या एक काकू थायरॉइडची गोळी घेत असत. वय साठीच्या पुढचे. तपासणीत टीएसएच (थायरॉइड कमी पडले की वाढणारे संप्रेरक) दर वेळी वाढलेला येई आणि डॉक्टर मात्रा वाढवत. ५० मायक्रोग्रॅमवरून ७५, ७५ वरून १००. गोळी चुकते का, असे विचारले की काकू दुखावत, कारण त्या एक दिवसही चुकवत नव्हत्या. एकदा त्यांनी पिशवीतून गोळ्यांचा डबाच काढून काउंटरवर ठेवला. सात वारांची घरे असलेला प्लॅस्टिकचा डबा होता, आणि 'सकाळ'च्या प्रत्येक घरात थायरॉइडची चिमुकली पांढरी गोळी आणि तिला खेटून बोटाच्या पेराएवढी कॅल्शियमची गोळी होती. आईचा गोंधळ होऊ नये म्हणून मुलीने दर रविवारी हा डबा प्रेमाने भरून दिला होता, आणि काकू दोन्ही गोळ्या एकाच घोटाबरोबर घेत होत्या.

थायरॉइडच्या गोळीतील औषध म्हणजे लिव्होथायरॉक्सिन. ते मायक्रोग्रॅममध्ये मोजले जाते. कॅल्शियमच्या नेहमीच्या गोळीत मात्र ५०० मिलिग्रॅम, म्हणजे पाच लाख मायक्रोग्रॅम कॅल्शियम असते. ७५ मायक्रोग्रॅमच्या गोळीशी तुलना केली तर हे प्रमाण साडेसहा हजार पटींहून जास्त भरते. पोटात या दोघांची गाठ पडली, की लिव्होथायरॉक्सिनचा काही भाग कॅल्शियमला चिकटून बसतो, आतड्याच्या अस्तरातून रक्तात उतरू शकत नाही आणि तसाच शरीराबाहेर जातो. लोहाच्या गोळ्यांचे वागणेही असेच असते. म्हणून थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी, त्यानंतर अर्धा ते एक तास चहा-कॉफीसुद्धा घेऊ नये आणि कॅल्शियम किंवा लोह किमान चार तासांच्या अंतराने घ्यावे, असे सांगितले जाते. काकूंचे कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर गेले. कॅल्शियम कार्बोनेट अन्नाबरोबर अधिक चांगले शोषले जाते, त्यामुळे त्यातही त्यांचा फायदाच झाला.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि पुढचा भाग सहसा कोणी सांगत नाही. कॅल्शियम दूर झाल्यावर १०० मायक्रोग्रॅमची ती गोळी पहिल्यांदाच पूर्ण शोषली जाऊ लागली, आणि आता तीच मात्रा जास्त ठरू लागली. लिव्होथायरॉक्सिन रक्तातून निम्मे व्हायला सुमारे सात दिवस घेते, त्यामुळे बदलाचा परिणाम तपासणीत स्थिरपणे दिसायला सहा ते आठ आठवडे जावे लागतात. तेवढा वेळ थांबून काकूंची पुन्हा तपासणी झाली आणि डॉक्टरांनी मात्रा कमी केली. अडचण सापडली म्हणून वेळा परस्पर बदलून मोकळे होऊ नये. डॉक्टरांना कळवूनच बदल करावा, तो याचसाठी. त्यांनी मात्रा ठरवली होती ती आधीच्या गैरसमजावर.

असाच चिकटण्याचा खेळ काही अँटिबायोटिक औषधांच्या बाबतीत होतो. सिप्रोफ्लॉक्सासिन, टेट्रासायक्लिन आणि डॉक्सिसायक्लिन ही औषधे कॅल्शियम, लोह, जस्त, मॅग्नेशियम या धातूंना धरून बसतात. सिप्रोफ्लॉक्सासिन अशा पूरकांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावे, असा नियम आहे. "अँटिबायोटिक उष्ण पडते, दुधाबरोबर घे" हा घराघरांतला सल्ला सिप्रोफ्लॉक्सासिन आणि टेट्रासायक्लिनच्या बाबतीत तरी औषध वाया घालवणारा आहे. हाडे ठिसूळ झाल्यावर दिली जाणारी अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी तर इतकी नाजूक आहे, की ती फक्त साध्या पाण्याबरोबर घ्यायची, नंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही आणि त्या अर्ध्या तासात दुसरे काहीही पोटात जाऊ द्यायचे नाही. आणि गंमत अशी, की ही गोळी घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला कॅल्शियमही दिलेले असते. इसबगोलाचे काम वेगळ्या पद्धतीने चालते. तो पाण्यात फुगून जो बुळबुळीत गोळा तयार करतो, त्यात इतर गोळ्या अडकतात आणि त्यांचे शोषण लांबते किंवा घटते. इतर औषधांपासून दोन तासांचे अंतर ठेवले, की तो निरुपद्रवी.

या सगळ्या प्रकारांवर उपाय एकच आहे, तो म्हणजे घड्याळ. पुढच्या मुक्कामावर, म्हणजे यकृतात, घड्याळ उपयोगी पडत नाही.

यकृतातली वर्दळ

शरीरात आलेल्या बहुतेक औषधांची मोडतोड करून त्यांना बाहेर काढण्याचे काम यकृतातील विकरे (एन्झाइम) करतात. त्यांच्यापैकी सायटोक्रोम पी-४५० या गटातील ३ए४ नावाचे विकर सर्वांत कामसू; रक्तदाब, कोलेस्टेरॉल, अवयवरोपण, एचआयव्ही, गर्भनिरोध अशा परस्परांशी काडीचाही संबंध नसलेल्या उपचारांतील औषधे त्याच्याच हाताखालून जातात. औषधाची मात्रा ठरवताना हे विकर आपल्या नेहमीच्या वेगाने काम करील, हे गृहीत धरलेले असते. एखाद्या पूरकाने ते विकर थोपवले, तर औषध रक्तात साचत जाते आणि नेहमीचीच गोळी जास्तीची ठरते. उलट एखाद्या पूरकाने शरीराला ते विकर अधिक प्रमाणात तयार करायला लावले, तर औषध वेळेआधी संपते आणि गोळी घेऊनही न घेतल्यासारखे होते. यांपैकी दुसरा प्रकार मला जास्त भीतिदायक वाटतो, कारण औषध जास्त झाले तर काहीतरी जाणवते, कमी पडले तर पुष्कळदा काहीच जाणवत नाही.

या दुसऱ्या प्रकाराचे जगभर दिले जाणारे उदाहरण म्हणजे सेंट जॉन्स वर्ट ही युरोपातील पिवळ्या फुलांची वनस्पती. मन उदास असताना घेण्यासाठी तिच्या गोळ्या तिकडे सर्रास विकल्या जातात, आणि परदेशी राहणाऱ्या आपल्या माणसांमार्फत किंवा ऑनलाइन मागवून त्या इथेही पोहोचतात. हृदयरोपण झालेल्या दोन रुग्णांनी या गोळ्या सुरू केल्या आणि शरीराने नवे हृदय नाकारू नये म्हणून दिलेल्या सायक्लोस्पोरिनची रक्तातील पातळी घसरली. शरीराने रोपित हृदयावर हल्ला सुरू केला. झुरिकमधील डॉक्टरांनी २००० साली हे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी एचआयव्हीवरील इंडिनॅव्हिर या औषधाची पातळीही याच वनस्पतीमुळे मोठ्या प्रमाणात घटते, हे दिसून आले. गर्भनिरोधक गोळ्या आणि रक्त पातळ ठेवणारी औषधे यांच्यावरही तिचा असाच परिणाम होतो. शिवाय ही वनस्पती अचानक बंद करणेही धोक्याचे असते, कारण वाढलेली विकरे एक-दोन आठवड्यांत पूर्वपदावर येतात आणि दरम्यानच्या काळात वाढवून ठेवलेली औषधाची मात्रा अंगावर येते.

आपल्या जवळचे उदाहरण हवे असेल, तर ते मुंबईतच आहे आणि ते याहून आठ वर्षे जुने आहे. परळच्या केईएम रुग्णालयात आणि त्याला जोडलेल्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात अपस्माराचे, म्हणजे फिट येण्याच्या विकाराचे, दोन रुग्ण असे आढळले, की ज्यांचे झटके फेनिटॉइन या औषधाने आटोक्यात असताना पुन्हा सुरू झाले होते. दोघेही फेनिटॉइनच्या जोडीला शंखपुष्पीचे सरबतवजा आयुर्वेदिक औषध घेत होते. तेथील औषधशास्त्र विभागाने मग उंदरांवर प्रयोग केले. शंखपुष्पीचे हे औषध सलग दिल्यावर रक्तातील फेनिटॉइनची पातळी कमी होते आणि त्याचा झटके रोखण्याचा परिणामही घटतो, असे त्यांत दिसले, आणि हा अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. शंखपुष्पी वाईट आहे, असे त्यातून सिद्ध होत नाही. स्मरणशक्तीसाठी म्हणून कित्येक घरांत परीक्षेच्या दिवसांत मुलांना शंखपुष्पी दिली जाते, आणि फिटवरचे औषध चालू असलेले मूलही त्याच घरात असू शकते, हा खरा प्रश्न आहे. फेनिटॉइनचा उपयोग होण्याची पातळी आणि अपाय होण्याची पातळी यांच्यातले अंतर फार थोडे आहे. असे अंतर थोडे असलेले औषध ज्याला चालू आहे, त्याने "थोडेसे घेतले तर काय होते" हा विचार करू नये.

विकर थोपवणाऱ्या प्रकाराचा शोध तर योगायोगाने लागला. कॅनडात १९८९ साली डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी फेलोडिपिन हे रक्तदाबाचे औषध आणि मद्य यांचा एकत्रित परिणाम तपासत होते. मद्याची चव कळू नये म्हणून त्यांनी ते ग्रेपफ्रूटच्या रसात मिसळून दिले, आणि रक्तातील औषधाची पातळी अपेक्षेच्या कित्येक पट निघाली. दोष मद्याचा नव्हता, रसाचा होता. या फळातील फ्युरॅनोकुमॅरिन नावाची द्रव्ये आतड्याच्या अस्तरातील ३ए४ विकर कायमचे निकामी करतात आणि नवे तयार होईपर्यंत, म्हणजे एक दिवस किंवा त्याहून जास्त काळ, परिणाम टिकतो. म्हणून "रस सकाळी, गोळी रात्री" अशी वाटणी इथे चालत नाही. ग्रेपफ्रूट आपल्याकडे फारसे खाल्ले जात नाही, पण त्याचे भावंड असलेले पपनस खाल्ले जाते. कोकणात आणि गोव्यात गणपतीच्या दिवसांत ते घरोघर येते, गोव्यात गणपतीवर फळाफुलांची जी माटोळी बांधतात, तिला तोरिंग म्हणून टांगले जाते आणि विसर्जनानंतर सोलून वाटले जाते. पपनसातही तीच द्रव्ये असतात. मूत्रपिंडाचे रोपण झालेल्या किंवा कोलेस्टेरॉलसाठी सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्या माणसाने त्या दिवसांत ते टाळणे बरे. मात्र आपल्याकडे रक्तदाबासाठी सर्वाधिक दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी एक असलेल्या अ‍ॅमलोडिपिनवर याचा परिणाम नगण्य असतो, त्यामुळे बीपीच्या सरसकट सगळ्या रुग्णांना फोडीकडे बघू न देण्याचे कारण नाही. साध्या गोड संत्र्याचा तर यात संबंधच नाही.

आता काळी मिरी. मिरीतील पिपरिन हे द्रव्य काही औषधांचे शोषण वाढवते आणि त्यांची मोडतोड लांबवते. हा दोष आहे की गुण, हे आपण ते जाणूनबुजून वापरतो की नकळत, यावर ठरते. जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेत त्रिकटूवरून (सुंठ, मिरी, पिंपळी) सुरू झालेल्या संशोधनातून क्षयरोगाच्या औषधांची अशी एक गोळी तयार झाली, की जिच्यात १० मिलिग्रॅम पिपरिन घातल्यामुळे रिफॅम्पिसिनची मात्रा ४५० वरून २०० मिलिग्रॅमवर आणता आली. २००९ साली ती बाजारात आली. तिकडे बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले, की हळदीतील कुरकुमिन या द्रव्याच्या २ ग्रॅमबरोबर २० मिलिग्रॅम पिपरिन दिले, तर कुरकुमिनचे रक्तात उतरण्याचे प्रमाण वीस पट होते. तेव्हापासून हळदीच्या अर्काच्या कॅप्सूलमध्ये मिरीचा अर्क घालण्याची प्रथाच पडली. पण जे द्रव्य कुरकुमिनला आत सोडते, ते शेजारच्या गोळीलाही आत सोडते. फेनिटॉइन, रक्तदाबावरील प्रोप्रानोलॉल आणि दम्यावरील थिओफायलिन यांची पातळी पिपरिनमुळे वाढते, हे माहीत आहे. शिवाय हळदीच्या अर्कामुळे क्वचित काहींच्या यकृताला इजा होते, आणि मिरीचा अर्क घातलेल्या अधिक शोषल्या जाणाऱ्या प्रकारांत हा धोका जास्त असू शकतो, असा इशारा ऑस्ट्रेलियाच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये दिला. आमटीतली हळद आणि पापडातली मिरी यांना हे लागू करून घाबरून जाऊ नये. स्वयंपाकातील चिमूट आणि कॅप्सूलमधील अर्क यांत मात्रेचा जो फरक आहे, तोच इथे निर्णायक आहे.

रक्तात गेल्यावर

काही वेळा पूरक औषधाच्या वाटेत येत नाही. त्याच्याबरोबर किंवा त्याच्याविरुद्ध काम करते. हृदयाची कृत्रिम झडप बसवलेल्या किंवा ठोके अनियमित असलेल्या अनेकांना रक्तात गुठळी होऊ नये म्हणून वॉरफरिन किंवा अ‍ॅसिनोकुमॅरॉल दिले जाते. रक्त गोठवणारे काही घटक यकृत 'के' जीवनसत्त्वाच्या मदतीने तयार करते आणि ही औषधे नेमकी त्यात अडथळा आणतात. परिणाम मोजण्यासाठी आयएनआर ही तपासणी असते आणि तो बहुधा २ ते ३ च्या दरम्यान ठेवायचा असतो, काही झडपांसाठी थोडा जास्त. आयएनआर खाली गेला तर गुठळी, वर गेला तर रक्तस्राव, अशी ही दोरीवरची कसरत आहे.

या रुग्णांना "पालेभाजी बंद" असे सांगितले जाते आणि ते ती निष्ठेने बंद करतात. खरे तर भाजी बंद करायची नसते, तिचे प्रमाण सारखे ठेवायचे असते. एरवी आठवड्यातून एकदा पालक खाणाऱ्याने श्रावणात रोज रानभाज्या आणि अळूचे फदफदे सुरू केले, तर आयएनआर घसरतो. आणि सवयीने रोज मेथी खाणाऱ्याने ती एकदम सोडली, तर तो चढतो. मात्र भाजीवर इतके लक्ष असताना डबीकडे कोणाचे नसते. हल्ली कॅल्शियम आणि 'ड' जीवनसत्त्वाच्या कितीतरी गोळ्यांत के२-७ या नावाने 'के' जीवनसत्त्वही घातलेले असते, कारण ते हाडांसाठी चांगले मानले जाते. हा प्रकार शरीरात बराच काळ टिकतो आणि संवेदनशील व्यक्तींमध्ये दिवसाला १० मायक्रोग्रॅम इतक्या अल्प प्रमाणातही औषधाचा परिणाम ढळू शकतो. गोळीच्या पाकिटावर समोर मोठ्या अक्षरांत 'कॅल्शियम' लिहिलेले असते. के२-७ मागच्या बाजूला, भिंगाने वाचावे अशा टाइपात. अ‍ॅपिक्साबॅन, रिव्हरॉक्साबॅन यांसारखी नवी औषधे 'के' जीवनसत्त्वावर अवलंबून नसतात, त्यामुळे त्यांना ही अडचण येत नाही. माशाचे तेल, लसणाच्या कॅप्सूल आणि गिंको या झाडाचा अर्क यांचा स्वतःचाच रक्त पातळ ठेवण्याकडे थोडा कल असतो. एकटे असताना तो जाणवत नाही. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वरील औषधे चालू असताना, आणि विशेषतः शस्त्रक्रियेच्या आधी, तो डॉक्टरांच्या कानावर घालणे आवश्यक ठरते.

बेरजेचा दुसरा प्रकार पोटॅशियमचा आहे. कमी सोडियमच्या मिठात सोडियम क्लोराइडच्या काही भागाऐवजी पोटॅशियम क्लोराइड असते. रक्तदाबासाठी ते उपयुक्तच आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२५ च्या जानेवारीत त्याची शिफारस केली, पण मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना त्यातून वगळूनच. रक्तदाबासाठी दिली जाणारी टेल्मिसार्टन, रामिप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन ही औषधे शरीरात पोटॅशियम धरून ठेवतात. मूत्रपिंड अशक्त असेल आणि वर हे मीठ व रोजचे शहाळे असेल, तर पोटॅशियम हृदयाची लय बिघडवण्याइतके वाढू शकते. ज्येष्ठमध याच्या बरोबर उलट चालतो. खोकल्यासाठी दोन दिवस चघळलेला तुकडा काही करत नाही, पण आठवडेच्या आठवडे घेतल्यास तो पोटॅशियम घटवतो आणि रक्तदाब चढवतो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा हृदयासाठीचे डिगॉक्सिन चालू असेल, तर ते विशेष घातक असते.

मधुमेहाविषयी थोडक्यात सांगायचे, तर कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, मेथीदाण्यांची पूड यांनी साखर थोडीफार उतरते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना ती दुहेरी उतरू शकते, आणि मग दुपारी अकस्मात घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. अश्वगंधेविषयी विचारणा हल्ली रोज होते. ती थायरॉइड संप्रेरकांची पातळी वाढवू शकते आणि झोपेच्या गोळ्यांची गुंगी गडद करू शकते. काहींच्या यकृतालाही तिने इजा झालेली आहे. गुळवेलीबाबतही मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये यकृतदाहाच्या सहा रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला आणि आयुष मंत्रालयाने त्याच्या निष्कर्षांवर हरकत घेतली. तो वाद बाजूला ठेवला, तरी जिची ख्याती प्रतिकारशक्ती वाढवण्याची आहे, ती वनस्पती प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्याने आपल्या मनाने घेऊ नये, हे समजायला मोठ्या अभ्यासाची गरज नाही.

प्रयोगशाळेतला चकवा

वर ज्यांचा उल्लेख आला त्या काकू दीड-दोन वर्षांनी पुन्हा एक अहवाल घेऊन आल्या. या खेपेस टीएसएच अगदी तळाला आणि टी-४ हे थायरॉइडचे संप्रेरक वर गेलेले. कागदावर पाहिले तर थायरॉइड उधळले होते. समोर पाहिले तर काकू नेहमीसारख्या, वजन जिथल्या तिथे, छातीत धडधड नाही. विचारत गेल्यावर कळले, की केस गळतात म्हणून भाचीने सुचवलेली बायोटिनची गोळी त्यांनी महिनाभर चालू ठेवली होती.

बायोटिन हे 'ब' गटातील जीवनसत्त्व आहे आणि प्रौढ माणसाची दिवसाची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम असते. केसांच्या गोळ्यांत ते बऱ्याचदा ५ ते १० हजार मायक्रोग्रॅम असते. ते शरीराला सहसा बाधत नाही, पण तपासणीच्या यंत्राला फसवते. संप्रेरके मोजण्याच्या अनेक पद्धतींत बायोटिन आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन यांची घट्ट जोडी चिमट्यासारखी वापरलेली असते. रक्तातच भरमसाट बायोटिन असेल, तर तो चिमटा आधीच भरून जातो आणि आकडे चुकतात. काही तपासण्यांत ते खोटे कमी येतात, काहींत खोटे जास्त. टीएसएच कमी आणि टी-४ जास्त ही जोडी तर अतिसक्रिय थायरॉइडची हुबेहूब नक्कल असते. हृदयविकाराच्या झटक्यात पाहिले जाणारे ट्रोपोनिनही यामुळे खोटे कमी येऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला, तेव्हा अशा चुकीच्या ट्रोपोनिन अहवालानंतर झालेल्या एका मृत्यूची नोंदही त्यात होती. काकूंनी डॉक्टरांच्या सांगण्यावरून बायोटिन थांबवले, काही दिवसांनी रक्त पुन्हा दिले, आणि आकडे जागेवर आले. तपासणीच्या दोन-तीन दिवस आधी बायोटिन बंद करावे, असे सर्वसाधारणपणे सांगतात. मात्रा फार मोठी असेल तर जास्त दिवस लागतात, आणि रक्त घेणाऱ्याला ते सांगून ठेवणे उत्तम.

एवढे वाचून सगळ्या डब्या कचऱ्यात टाकाव्यात, असे कोणाला वाटले तर ते चूक होईल. काही औषधांना पूरकाची जोड द्यावीच लागते. क्षयरोगावरील आयसोनियाझिडमुळे हातापायांच्या नसांना इजा होऊ नये म्हणून बी-६ जीवनसत्त्व देतात. संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायच्या मेथोट्रेक्सेटबरोबर फॉलिक अ‍ॅसिड देतात, बहुधा वेगळ्या दिवशी. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांच्या शरीरात बी-१२ चे शोषण घटते. त्यात माणूस शाकाहारी असेल तर पायांची जळजळ मधुमेहामुळे आहे की बी-१२ च्या कमतरतेमुळे, हे तपासणीशिवाय कळत नाही. अशा रुग्णाने 'जीवनसत्त्वाची गोळी म्हणजे फुकटचा खर्च' म्हणून ती सोडणे हीसुद्धा एक चूकच असते.

आता प्रश्न उरतो तो या डब्यांवर लक्ष कोण ठेवते याचा. आपल्याकडे बहुतांश पूरके अन्नाच्या कायद्याखाली येतात. त्यांच्यावर अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा परवाना क्रमांक असतो आणि 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळही असते. आयुर्वेदिक औषधांचा परवाना वेगळा असतो. अन्न म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थाला चिठ्ठी लागत नाही, आणि चिठ्ठी लागत नाही म्हणून मधे विचारणारे कोणी नसते. मॉलच्या फळीवरून किंवा मोबाइलवरून मागवलेल्या डबीला तर माझ्यासारखा काउंटरही आडवा येत नाही.

मी स्वतः आता प्रश्न बदलला आहे. "कोणती औषधे चालू आहेत?" याऐवजी "सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय जाते, ते क्रमाने सांगा" असे विचारले, की काढा, चूर्ण, पावडर, कॅप्सूल सगळे आपोआप बाहेर येते. डॉक्टरांकडे जाताना हाच क्रम कागदावर लिहून न्यावा. नावापुढे मात्रा, वेळ आणि कधीपासून घेतो ते लिहावे. नावे आठवत नसतील तर सगळ्या डब्या आणि पाकिटे पिशवीत घालून न्यावीत, किंवा मोबाइलवर फोटो घ्यावा, तोही मागच्या बाजूचा. अपस्मार, अवयवरोपण, रक्त पातळ ठेवणारी औषधे, थायरॉइड, डिगॉक्सिन, एचआयव्ही किंवा कर्करोगाचे उपचार, यांपैकी काही चालू असेल तर नवी डबी उघडण्याआधी विचारावे; उघडल्यानंतर नव्हे. आणि काही विपरीत जाणवले, तर चिठ्ठीतले औषध आपल्या मनाने थांबवू नये.

अशा घटनांची नोंद करण्यासाठी भारतात औषध-सतर्कता कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगाकडे तो असून १८००-१८०-३०२४ हा त्याचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. रुग्ण किंवा नातेवाईक स्वतःही तिथे कळवू शकतात. तेव्हा कोणते औषध, कोणते पूरक, दोन्ही कधी सुरू झाले आणि त्रास कधी सुरू झाला, हे विचारले जाते. त्रास झाला म्हणून चिडून डबी फेकून देऊ नये, कारण बॅच क्रमांक तिच्यावरच छापलेला असतो.